फुटलं की सुटलं

फुटलं की सुटलं, या मतावर मी फार वर्षं ठाम होते. काखेतलं गळू ठणकायला लागलं की हात अंगापासून लांब धरून वावरायचं, अळशीचं पोटीस बांधायचं, आणि एकदाचं तोंड पडलं की पू वाहून ठणका जागच्या जागी थांबायचा. ज्याने हे भोगलंय त्यालाच त्या क्षणाचं मोल कळेल. इतका खरा आराम मिळाल्यावर आत काही उरलं असेल, अशी शंका येणार तरी कशी?

माहेरी याला काखमांजरी म्हणत. आत्याला व्हायच्या, मला कॉलेजात असताना सुरू झाल्या. लग्न होऊन साजगावात आले आणि जांघेतही गळवं यायला लागली. सासूबाईंचं निदान पक्कं होतं, “अगं, अंगातली उष्णता आहे ती. बाहेर पडतेय तेच बरं.” आंबे बंद झाले, सब्जाचं पाणी सुरू झालं. फारच झालं तर दवाखान्यात चीर, चार दिवसांच्या गोळ्या आणि पट्टी. याआधीचं कधी आणि कुठे आलं होतं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फुटून गेलेल्या गळवाची काय कथा सांगायची!

वासाचं मात्र काय करावं, कळत नसे. ब्लाउजच्या काखेत जुन्या सुती धोतराची घडी ठेवायची, टॉवेल वेगळा, लग्नकार्यात खुर्ची भिंतीकडेची. कार्तिकी एकादशीपासून गावात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, सुक्या मासळीचे ढीग लागतात. (देव विठोबा आणि बाजार बोंबलांचा, हे आमच्याकडेच!) तेवढे दिवस मी निर्धास्त. कुणी नाकाला पदर लावला तरी तो माझ्यामुळे नाही, याची खात्री असायची.

नणंदेच्या अंगावर डाग उठले होते म्हणून तिला घेऊन मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात गेले. त्वचारोग विभागातल्या तरुण डॉक्टरबाईंनी तिला तपासता तपासता माझा हात वर जात नाही हे हेरलं आणि मलाच पडद्याआड बोलावलं. ताज्या गळवाकडे त्यांनी आधी पाहिलंच नाही. जुन्या वणावर बोट ठेवून दाबलं, तर तीन बोटं पलीकडच्या दुसऱ्या वणातून पू आला. “ही दोन गळवं नाहीत. आतून बोगदा आहे,” त्या म्हणाल्या. बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईला बोगदा समजावून सांगावा लागत नाही. मी ज्यांना सुटलेली समजत होते, ती गळवं कातडीखालून एकमेकांना जाऊन मिळाली होती. जवळच दोन तोंडांचे काळे ठिपके होते, तेही त्यांनी आरशात दाखवले. ती या रोगाची खूण.

रोगाचं नाव हायड्राडिनायटिस सपुराटिव्हा. 1854 मध्ये व्हर्नुई या फ्रेंच शस्त्रवैद्याने त्याचं मूळ घामाच्या ग्रंथींत असल्याचं मांडलं आणि शंभराहून अधिक वर्षं तेच धरून चाललं. आता कळलंय ते असं : केसाच्या मुळाचं तोंड बुजतं, मूळ आतल्या आत फुटतं, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर नको इतकी तुटून पडते. म्हणजे हा अस्वच्छतेचा रोग नाही, संसर्गाचाही नाही. माझा टॉवेल त्याच आठवड्यात घरच्यांच्या टॉवेलांशेजारी आला. सिगारेट-बिडी आणि जास्त वजन यांच्याशी मात्र त्याचं साटंलोटं आहे, आणि तो घराण्यातही उतरतो. आत्याची आठवण तेव्हा झाली. काखेत घट्ट ब्लाउज, वस्तरा आणि अंग खरवडून घासणं बंद करायला सांगितलं. मी तर डेटॉल लावून लावून कातडी सोलून काढली होती.

कार्ल मार्क्सलाही हाच रोग होता, असं सॅम शुस्टर या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञाने 2007 मध्ये त्याच्या पत्रांवरून मांडलं. मला त्यातून उगाचच धीर आला.

उपचार सुटसुटीत नाहीत. आधी क्लिंडामायसिन लावायला आणि डॉक्सीसायक्लिन पोटात, तेही काही महिने. मग रिफॅम्पिसिन. ही क्षयाचीही गोळी, लघवी लाल होते. पाकीट शेजारणीने ओळखलं आणि आळीत माझा टीबी जाहीर झाला. त्यापुढे अडालिमुमॅबची इंजेक्शनं असतात. अमेरिकेत या रोगासाठी त्यांना 2015 मध्ये मान्यता मिळाली. झायडस कॅडिलाने भारतात त्याच औषधाचा स्वस्त पर्याय 2014 मध्येच आणला होता, पण स्वस्त म्हणजे मूळ औषधापेक्षा स्वस्त, आमच्या घराला नव्हे. शिवाय दबलेला क्षय उफाळू शकतो म्हणून आधी त्याची तपासणी लागते. माझं काम बोगद्याचं छप्पर कापून काढण्यावर भागलं. भूल तेवढ्या भागापुरतीच, आणि जखम न शिवता तळापासून भरू द्यायची. ड्रेसिंगने जीव मेटाकुटीला आला, पण ती जागा तेव्हापासून शांत आहे. जांघेत अजून अधूनमधून डोकं वर काढतं. रोग मुळापासून गेलेला नाही आणि जाईल असं मला कुणी सांगितलेलंही नाही.

चिरेवर माझा राग नाही. गळू तटतटलेलं असेल, ताप असेल, तर चीर द्यावीच लागते. पण ती त्या रात्रीची सोय. तिला उपचार समजून मी तरुणपण घालवलं, आणि आज कुणी पोटीस बांधून फुटायची वाट बघत बसलं की माझ्याने गप्प राहवत नाही.

काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा ढुंगणावर सहा महिन्यांत दोनदा गळू आलं, तर तिसऱ्याची वाट बघू नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. निदान नजरेनेच होतं, त्यासाठी वेगळी रक्ततपासणी लागत नाही. साखर मात्र तपासून घ्या. आधीची गळवं कुठे आणि साधारण कधी आली, ते कागदावर लिहून न्या. केसपेपरच्या खिडकीवर जागेचं नाव घ्यायची लाज वाटली तर नुसतं “त्वचा” म्हणा, तिथे तेवढं पुरतं.