कानाडोळा

'कानाडोळा' या शब्दाचे मूळ रूप 'काणाडोळा' असावे. एक डोळा बारीक करून, पाहिलेले न पाहिल्यासारखे करणे, एवढाच त्याचा अर्थ. कानाचा तेथे काही संबंध नाही. बोलणाऱ्यांनी 'ण'चा 'न' केला आणि कानाला विनाकारण त्यात ओढले, असे मी वर्गात सांगत आले आहे. आता मात्र वाटते, बोलणाऱ्यांनाच पुढचे दिसले असावे. गाडीत पट्ट्याचे तांबडे चित्र पेटते, त्यावरून नजर वळवता येते. त्यामागून सुरू होणाऱ्या 'टिंग-टिंग'चे काय करावे? कानाला पापणी नाही.

पहाटे वासुदेव जागवायला येई, तोही दान घेऊन पुढच्या दारी जाई. गाडीतला हा वासुदेव हलत नाही. पुढच्या आसनावर भाजीची जड पिशवी ठेवली तरी खालच्या संवेदकाला ती माणूसच वाटते आणि कोबीने पट्टा बांधावा म्हणून घंटी आग्रह धरते. वेग वाढला की तिचा सूरही चढतो. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांसाठी ही घंटी सक्तीची झाली.

माझा प्रश्न कोबीचा नव्हता, आत्याचा होता. आत्या दासगावची. जुलै २००५ मध्ये अतिवृष्टीत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या. आत्याचे घर वाचले. शेजारची वाचली नाहीत. तेव्हापासून पावसाळ्यातल्या रात्री ती दाराला आतून कडी घालत नाही. २०२१ च्या जुलैत याच तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले, त्यानंतर तर कडीचा विषयही तिच्यासमोर काढायची सोय उरली नाही. अशा बाईला मी गाडीत बसवून पट्टा बांधायला सांगत होते. "बांधून घातलेलं माणूस पळायचं कसं गं बाय?" एवढेच ती म्हणाली. घंटी वाजत राहिली. आत्या पदर कानावर घेऊन बसली.

तेव्हा मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. सजावटीच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानातून बक्कलात खोचायची धातूची जीभ आणली. तिला पट्टा नसतो, नुसती जीभ. ती खोचली की आतली कळ दाबली जाते, गाडीला पट्टा लागल्याचा भास होतो आणि घंटी गप्प बसते. खोट्या साक्षीचे इतके स्वस्त रूप मी दुसरे पाहिले नाही. पाच ऑनलाइन विक्री मंचांवरून अशा जिभांच्या १३,११८ जाहिराती काढून टाकल्याचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये जाहीर केले, हे मी वाचलेले होते. तरीही आणली.

हा त्रागा एकट्या आपला नव्हे. १९७४ सालच्या नमुन्याच्या अमेरिकन मोटारी पुढच्यांनी पट्टा बांधल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक इतके संतापले की त्याच वर्षी त्यांच्या संसदेने ती सक्ती रद्द केली. शिवाय घंटी आठ सेकंदांहून अधिक काळ वाजण्याची अट घालण्यासही नियमकर्त्यांना मनाई केली. माणूस मरू नये म्हणून यंत्राने किती वेळ बोलावे, याचा असा हिशेब कायद्यात झाला! आठ सेकंदांत आत्याचा पदर कानापर्यंतही पोचला नसता.

जीभ खोचून आम्ही दोन-तीनदा महाडला जाऊन आलो. गाडीत शांतता होती, आणि तीच मला खुपू लागली. साठच्या वेगात गाडी एकाएकी थांबली तर आतल्या मोकळ्या शरीराला बसणारा धक्का सुमारे चौदा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. हे गणित मी कागदावर करून पाहिले होते आणि शेजारी आत्या मोकळी बसली होती. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या आसनावर पट्ट्याविना होते. मोठी, भक्कम गाडी त्यांना पुरली नाही.

गणित आत्याला सांगून पाहिले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "आणि गाडी पाण्यात गेली तर?" तिच्या डोळ्यांसमोर २ ऑगस्ट २०१६ ची रात्र होती. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पट्टा असता वा नसता, त्या रात्री फरक पडला नसता, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते बरोबरही होते. पण तिला फरकाविषयी काही विचारायचेच नव्हते; सुटता येईल का, एवढेच तिला हवे होते. दरड येताना घंटी वाजली नव्हती. ज्या गोष्टीची घंटी वाजते तिला ती कशाला भ्यावी?

म्हणून जीभ काढून टाकली आणि अंगणात गाडी उभी करून आत्याला बक्कलावरचे तांबडे बटण दाखवले. अंगठ्याने दाबले की पट्टा सुटतो. तिने दाबले, सुटला. पुन्हा लावला, पुन्हा दाबला. शेजारची पोरे गोळा झाली, तरी ती पंधरा-वीस वेळा तेच करत राहिली. मग डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने. दर वेळी घंटी वाजायची आणि थांबायची.

परवा तिच्या लेकीकडे पोलादपूरला निघालो. महाड मागे पडेपर्यंत तिचा पट्टा लावलेला होता. सावित्रीचा नवा पूल आला तसा 'खट्' असा आवाज झाला आणि घंटी सुरू झाली. मी वेग कमी केला, काही बोलले नाही. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून पाण्याकडे पाहत होती. पूल संपला, तिने चाचपडत बक्कल शोधले आणि पट्टा लावला.