पंक्चर झालेली सायकल आणि जयपूरचा पाय

पाय मिळायचा, पण काही महिन्यांतच तो घराच्या कोपऱ्यात उभा केलेला असायचा! माणूस मात्र पुन्हा कुबड्यांवर.

१९६० च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर प्रमोद करण सेठी यांना हे कोडं छळत होतं. अपघातात, आजारात पाय गमावलेल्या माणसाला परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बसवायचा, त्याला चार पावलं चालवून घरी पाठवायचं. थोड्या दिवसांनी तोच माणूस कुबड्या टेकत पुन्हा दारात हजर. रुग्णच अडाणी आहेत, त्यांना वापरता येत नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. सेठींनी ते केलं नाही.

दोष रुग्णांचा नव्हताच. तो पाय बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बूट घालणारा, खुर्चीवर बसणारा आणि सपाट रस्त्यावरून कामाला जाणारा माणूस होता. पायाचा घोटा घट्ट, आत कडक लाकूड, आणि बुटाशिवाय तो वापरायचाच नाही. राजस्थानातला शेतकरी पाण्याच्या पाटात अनवाणी उतरतो. त्याची बायको चुलीपुढे उकिडवी बसते. देवळात जायचं तर बूट बाहेर काढायचे. जेवायला मांडी घालायची. या सगळ्याला तो पाय 'नाही' म्हणत होता. मग रुग्णांनीही त्याला 'नाही' म्हटलं, इतकंच.

याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. सगळे त्यांना 'मास्टरजी' म्हणत. शालेय शिक्षण जेमतेम, पण हातात मूर्तिकाराची कला. रुग्णांना हस्तकला शिकवणं हे त्यांचं काम. पाय बनवणं हे काही त्यांच्या नेमणुकीत नव्हतं. पण रोज डोळ्यांसमोर माणसं अडखळताना दिसत होती, आणि आपण खऱ्या पायासारखा पाय का घडवू नये, हा किडा डोक्यात शिरला होता. घडवून पाहिलं. दिसायला हुबेहूब, पण माणसाचा भार पेलेल असं काही जमेना.

पुढची गोष्ट जयपुरात अनेकदा सांगितली जाते. मास्टरजी सायकलवरून जात असताना चाक पंक्चर झालं. दुकानात सायकल लावून ते वाट पाहत थांबले, तर बाजूला एक माणूस ट्रकच्या झिजलेल्या टायरवर रबराचा नवा थर चढवत होता. साच्यात घालून तापवलेलं ते रबर टणकही होतं आणि लवचीकही. ट्रकचं ओझं पेलणारं रबर माणसाचं ओझं का पेलणार नाही? मास्टरजी पायाचा साचा घेऊन पुन्हा त्या दुकानात गेले. आणि हे कशासाठी चाललंय ते कळल्यावर दुकानदाराने पैसे घ्यायला नकार दिला, असंही सांगतात.

गोष्ट इथे संपली असती तर ती सिनेमाला शोभली असती. प्रत्यक्षात नुसत्या रबराने भागलं नाही. सेठी, त्यांचे सहकारी डॉ. एस. सी. कासलीवाल आणि डॉ. महेश उदावत यांनी पायाची हाडं-सांधे कसे वळतात याचं ज्ञान ओतलं, मास्टरजींनी हात चालवले. पुढच्या चवड्यात आणि टाचेत मऊ स्पंजसारखं रबर, घोट्यात लाकडाचा ठोकळा, भोवती टायरमध्ये वापरतात तसं दोऱ्यांचं बळकट रबर, आणि सर्वांवर कातडीच्या रंगाचं आवरण. पाच बोटंसुद्धा दिसतात! वरचा नळीचा भाग स्थानिक कारागीर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून करत. १९६८ च्या सुमारास हा पाय तयार झाला. तो अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, झाडावर चढतो आणि उकिडवा बसतो.

कारखानदार खटपट्या माणसांच्या कल्पना उचलतात का, हा प्रश्न जगभर विचारला जातो. उचलतात, हे उत्तर काही नवं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरउतारांवर १९७० च्या दशकात काही हौशी तरुण जाड टायरच्या जुनाट सायकलींना दणकट ब्रेक आणि गिअर जोडून भरधाव सोडत. १९८१ मध्ये एका कंपनीने तशीच सायकल कारखान्यात काढली, आणि आज आपल्या गल्लीतला मुलगाही वाढदिवसाला गिअरची सायकल मागतो. पिनबॉलच्या यंत्रातले जुने बल्ब काढून एलईडी दिवे लावण्याचा नादही आधी हौशी मंडळींनाच लागला. कंपन्या मागून आल्या.

जयपूरच्या बाबतीत मात्र उलटसुलट देवाणघेवाण झाली. आधी टायरवाल्याची युक्ती रुग्णालयाने उचलली. मग शेतात पाणी नेणाऱ्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या पाइपांची जात पायाच्या नळीसाठी वापरात आली. मग वरची मंडळी खाली पाहू लागली. रॉकेट उडवणाऱ्या इस्रोने २००२ मध्ये पॉलियुरेथेनचा हलका पाय बनवण्याचं तंत्र जयपूरच्या संस्थेला दिलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी याच संस्थेबरोबर स्वस्त कृत्रिम गुडघा तयार केला आणि २००९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने वर्षातल्या उत्तम शोधांच्या यादीत त्याला जागा दिली. ज्यांच्या प्रयोगशाळा काचेच्या, ते रबर शिजवणाऱ्यांच्या अंगणात बसून शिकत होते. हे वाचून कुणाला बरं वाटणार नाही?

पण मग श्रेय कुणाचं? १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. ते योग्यच होतं. कारागिराला बरोबरीचं स्थान देणारा डॉक्टर त्या काळात, आणि खरं तर आजही, सहज सापडत नाही. तरी मास्टरजींच्या वाट्याला तसा गाजावाजा आला नाही हेही खरंच. पायाला ना डॉक्टरचं नाव मिळालं, ना कारागिराचं. मिळालं ते गावाचं. त्यातल्या त्यात हाच न्याय बरा म्हणायचा!

या पायाचं पेटंट घेतलं गेलं नाही. म्हणून तो स्वस्त राहिला. 'टाइम'ने १९९७ मध्ये त्याच्यावर लिहिताना मथळ्यातच किंमत छापली होती, अठ्ठावीस डॉलर. अर्थात ज्याला कुणीही बनवू शकतो ते कुणी कसंही बनवू शकतो, आणि हाताने घडवलेला एक पाय दुसऱ्यापेक्षा वजनाला, टिकायला थोडा वेगळा निघतोच. इस्रोच्या साच्यातला एकसारखा पाय हवासा वाटला तो यामुळेही.

पण साचा किंवा पेटंट यांच्यापेक्षा मोठी अडचण होती ती पाय माणसापर्यंत पोहोचवण्याची. पहिल्या सात वर्षांत जेमतेम साठ जणांना हा पाय बसला. १९६९ मध्ये एका अपघातात स्वतःचा पाय गमावता गमावता वाचलेले सनदी अधिकारी डी. आर. मेहता (हेच पुढे मुंबईत 'सेबी'चे अध्यक्ष झाले) यांनी १९७५ मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली, आणि पाय विनामूल्य मिळू लागला. कृत्रिम पाय, कॅलिपर आणि इतर साधनं मिळून वीस लाखांहून अधिक लोकांना मदत झाल्याचं संस्था सांगते. महाराष्ट्रात शाळेच्या पटांगणावर, मंगल कार्यालयात भरणारी 'जयपूर फूट' शिबिरं कित्येकांनी पाहिली असतील.

मुंबईत वाढलेल्या सुधा चंद्रनने तर या पायावर भरतनाट्यम केलं. १९८१ च्या बस अपघातानंतर तिचा पाय कापावा लागला होता. सेठींच्या मॅगसेसेची बातमी वाचून तिने त्यांना गाठलं. नव्या पायावर सराव करताना रक्त येई, तरी तिने पुन्हा रंगमंच गाठला, आणि १९८६ मध्ये 'नाचे मयूरी' आला तेव्हा घराघरातल्या लोकांना जयपूर हे नाव हवामहलाशिवाय आणखी एका कारणाने ठाऊक झालं.

कार्यशाळेत आजही पाय बांधला की माणसाला आधी चालायला लावतात, मग खाली बसवतात. कुठे टोचतं, कुठे सैल आहे, ते तोच सांगतो. कारागीर पाय सोडवून घेतो आणि पुन्हा आत कामाला लागतो.