वहीतलं ‘औषध’



परवा नातवाने मोबाईलवर अमेरिकेतली गाड्यांची शर्यत दाखवली. ड्रॅग रेस म्हणतात तिला. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं, सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे साधारण 402 मीटर, आणि काही सेकंदांत खेळ खलास. वळण नाही, फेरी नाही. तिकडे या खेळात घरंच्या घरं असतात, बाप गाडी चालवतो, मुलगा इंजिन खोलतो, आई हिशोब बघते, असं तो सांगत होता. मी म्हटलं, अरे, हे आपल्या घरात होतं. फक्त आपल्या इंजिनाला शिंगं होती.

1983 साली लग्न होऊन मी बिद्रीत आले. कोल्हापुरात बी.कॉम. झालेली, शेणाला हात न लावलेली मुलगी. पहिल्याच आठवड्यात मामंजींनी एक लाल कापडी बांधणीची वही माझ्यापुढे ठेवली. “सूनबाई, तुम्ही कॉमर्सच्या. शर्यतीचा हिशोब आजपासून तुमच्याकडं.” मला वाटलं घोड्यांची शर्यत. परड्यात नेऊन दाखवलं तेव्हा कळलं, पांढरीशुभ्र खिलार जोडी, हरण्या आणि बादल.

सगळं घर त्या जोडीभोवती फिरायचं. मोठे भाऊजी पहाटे बैल फिरवून आणायचे. आमचे हे साखर कारखान्यात फिटर, त्यामुळे गाडीचं चाक, आस, वंगण यांच्याकडे. शर्यतीची गाडी म्हणजे ऊस वाहायची गाडी नव्हे हं. हलका छकडा, एकटा माणूस उचलून बाजूला ठेवील असा. गाडीवान तेवढा पगारी, बाहेरचा. आणि खुराक आत्तींकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे. शेंगपेंड, भिजवलेले उडीद, खारीक, कणकेचे गूळ घालून केलेले गोळे, वर दूध. इतर जोड्यांना अंडी चारायचे. कुणीतरी आत्तींना तसं सुचवलं. त्या म्हणाल्या, “अंडी खाऊन पळायचं असंल तर दुसऱ्याच्या दावणीला बांधा त्यास्नी.” बैलांच्या बादलीचं पाणीसुद्धा त्या गाळून घ्यायच्या. आम्ही जावा हसायचो, पण गाळणं धरायचो.

त्या काळी बायका शर्यतीला जात नसत. मी हट्टाने एकदाच गेले, ट्रॉलीत बसून, डोक्यावर पदर घेऊन. लांब माळ, दोन्ही कडेला माणसांच्या भिंती. झेंडा पडला आणि आमची जोडी सुटली. धुळीत फक्त पांढरं काहीतरी येताना दिसत होतं. मी ओरडले. केव्हा उभी राहिले तेही कळलं नाही. त्या दिवशी ढाल आणि निशाण घरी आलं. मामंजींनी सूर्य मावळायच्या आत डबा उघडून माळावरच जेवण उरकलं होतं. रात्री सगळं गाव जेवलं, ते सुपारीशिवाय बसून राहिले. मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, मला तो नाद आवडला होता.

पाहुणे विचारायचे, तुम्ही जैन, आणि बैल पळवता? मामंजींचं उत्तर ठरलेलं. गळिताच्या दिवसांत ते पाहुण्याला रस्त्यावर नेऊन उभं करत. कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. बीडकडून आलेली तोडकरी माणसं, त्यांचे हाडं दिसणारे बैल, वर ढीगभर ऊस. चढाला बैल गुडघ्यावर यायचा. “ह्या उसाची साखर तुम्ही चहात घालता. आणि माझ्या बैलाला खारीक मिळते, तर पाप माझ्या घरात?” पाहुणा गप्प व्हायचा. ते उत्तर मला तेव्हा पुरतं पटायचं. आज निम्मं पटतं.

आता वहीकडे येते. खर्चाच्या बाजूला मधून मधून ‘औषध’ अशी नोंद असायची. दहा-बारा रुपये. गाडीवान सांगायचा, भाऊजी पैसे द्यायचे, मी लिहायची. जनावरांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी वेगळ्या तारेत ओवून ठेवायची. पावसाळ्यात काम कमी, म्हणून भाद्रपदात मी वर्षाचा हिशोब बांधायला बसले, बहुतेक 1986 असावं. चिठ्ठ्या नि नोंदी जुळवताना लक्षात आलं, ‘औषधा’ला एकही चिठ्ठी नाही. आणि तारखा बघितल्या तर प्रत्येक नोंद शर्यतीच्या दिवसाची. अकरा शर्यती, अकरा औषधं.

भाऊजींना विचारलं. ते हसले. “वहिनी, ते बैलांचं धाडस असतंय.” म्हणजे दारू. गाडी जुंपण्याआधी गाडीवान बैलांच्या घशात दारू ओतायचा. ज्या घरात मद्य-मांस-मधाचं नाव निघत नव्हतं, त्या घराच्या वहीत माझ्या अक्षरात ती तीन हंगाम लिहिली जात होती. मागची पानं चाळली. त्यातल्या बऱ्याच तारखांना आम्ही जिंकलो होतो. खरं सांगते, एक रुपया जरी घरखर्चात चुकला तरी मी दोन दिवस शोधायची. ही नोंद मला दिसत नव्हती असं नाही. ढाल येत होती म्हणून मी विचारलं नव्हतं.

पर्व सुरू होतं. दशलक्षणात आपल्याकडे रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात, तुम्हाला माहीतच आहे. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. आमच्या सोप्यात मामंजीच वाचायचे आणि शेतकऱ्याला कळेल असं सांगायचे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आले. बंध म्हणजे जनावराला बसता येणार नाही इतकं आखूड बांधणं. वध म्हणजे इथे जीव घेणं नव्हे, मारहाण. छेद, अवयवाला इजा. अतिभारारोपण सांगताना त्यांनी उसाच्या गाड्यांकडे हात केला, नेहमीसारखा. पाचवा अन्नपाननिरोध, भुकेलं तहानेलं ठेवणं. तिथे ते थोडे अडखळले. शर्यतीच्या सकाळी पोट हलकं राहावं म्हणून आमच्या बैलांना काही देत नसत, हे सोप्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.

त्या संध्याकाळी मी वही त्यांच्यापुढे ठेवली. “मामा, हे औषध कसलं?” त्यांनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी मान खाली घातली. आत्ती गाडीवानाला वाटेल ते बोलायला लागल्या, तेव्हा मामंजी म्हणाले, “त्याला जिंकायला कुणी ठेवला होता? आपणच की.” दुसऱ्या दिवशी त्यांचा उपास. मीही धरला. गाडीवानाचा दिवाळीपर्यंतचा पगार चुकता केला, ती नोंदही माझ्याच अक्षरात आहे.

क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागून झाल्यावर मामंजी परड्यात गेले आणि बैलांपुढे हात जोडून उभे राहिले. आत्ती दारातून म्हणाल्या, “आता त्यास्नी वेळेवर पाणी दावा म्हणजे झालं.”

तुम्हाला वाटेल शर्यत तिथेच सुटली. नाही. नाद असा सुटत नाही. पुढच्या हंगामात भाऊजींनी स्वतः गाडी हाकली, दारू नाही, पराणी नाही, सकाळी पाणी पाजून. पाच शर्यती, पाचही हरलो. लोक हसले. छकडा मग परड्याच्या आढ्याला टांगला गेला. बैल विकले नाहीत, कारण म्हातारा बैल बाजारातून कुठे जातो हे सगळ्यांना माहीत असतं. हलकी कामं करत दोघंही दावणीलाच म्हातारे झाले. मी विचारलं होतं, उत्पन्न शून्य, हा खर्च कुठल्या खात्याला टाकू? मामंजी म्हणाले, “घरखर्चात धर.” ते मला पहिल्यांदाच एकेरीत बोलले, मला बरं वाटलं.

पुढे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, 2017 साली राज्याने कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 ला अटी घालून पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. आता नियमात अंतर 1000 मीटरच्या आत, चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही. ते नियम वाचताना मला आमचा सोपा आणि सातवा दिवस आठवला. नियम पाळले जातात का, ते माळावर उभं राहणाऱ्यालाच ठाऊक.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच. भाऊजींचा नातू गेल्या आठवड्यात आला होता. त्याला खिलार खोंड घ्यायचाय. सांगोल्याकडे एक बघून ठेवलाय, किंमत ऐकून मी हातातली परात खाली ठेवली. म्हणाला, “आजी, जुना छकडा काढूया, आणि हिशोब तुम्हीच बघा.” मी म्हटलं, बघीन. पण आधी दोन गोष्टी सांग, गाडी कोण हाकणार, आणि बैल म्हातारा झाल्यावर कुणाच्या दावणीला राहणार?

विचारून सांगतो म्हणाला. अजून फोन आलेला नाही.