पिशवी आणि कडुनिंब

कडुनिंबाला मिठी मारली की मुंग्या चावतात, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. जून 2024, भोपाळचं शिवाजीनगर. नवतपाचे कडक उन्हाचे नऊ दिवस सरून दोन आठवडे झाले होते, पण पावसाचा पत्ता नव्हता. आम्ही पाच-सहा बायका एका खोडाभोवती हात धरून उभ्या. मुंग्या ब्लाउजच्या बाहीत शिरलेल्या. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "दीदी, हाथ छोड़ना मत, फोटो खिंच रही है." मी हात सोडला नाही. पण खरं सांगायचं तर डोक्यात तेव्हा पर्यावरण वगैरे काही नव्हतं. नाना होते.

नाना म्हणजे माझे वडील. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झालं आणि नागपूरच्या महाल भागातले नाना फायलींच्या पेट्यांमागोमाग इकडे आले. आईला नागपूर सुटल्याचं दुःख जन्मभर राहिलं. शिवाजीनगरच्या क्वार्टरसमोर उघडी काळी माती, झाड औषधालाही नाही. नानांनी दारात कडुनिंब लावला. ऑफिसातून आले की हातपाय धुवायचे ते त्याच्या आळ्यातच. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं. झाड तिथेच राहिलं. सरकारी घर, सरकारी झाड.

2024 च्या त्या उन्हाळ्यात बातमी आली, की शिवाजीनगर आणि तुलसीनगर इथली जुनी क्वार्टरं पाडून मंत्री-आमदारांसाठी नवे बंगले आणि सदनिका बांधायच्या आहेत. त्यापायी 29 हजार झाडं जाणार, असा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. लोक रस्त्यावर आले. बायकांनी झाडांना रक्षासूत्रं बांधली, खोडांना मिठ्या मारल्या. मीही गेले, कारण त्या 29 हजारांत एक आमचं होतं.

तोवर माझी समजूत अशी, की मी माझ्या वाटचं पुरेसं करते. भाजीला कापडी पिशवी नेते, दहा नंबरच्या मार्केटमधला भाजीवाला मला लांबूनच ओळखतो, "आंटी का झोला आ गया." ओला कचरा माठात कुजवते. जमेल तिथे बसने जाते. ह्यात खोटं काही नाही. पण बसचंच बघा. आमच्या होशंगाबाद रोडवर 2013 मध्ये बसची स्वतंत्र मार्गिका झाली. अशा मार्गिकांचा सगळा बीआरटीएस मिळून सुमारे 24 किलोमीटर. गाड्यांची कोंडी बाजूला राहायची आणि माझी बस मधून निघून जायची. मोटारवाले वैतागायचे, त्यांचंही सगळंच चूक नव्हतं. जानेवारी 2024 मध्ये बीआरटीएस उखडायला सुरुवात झाली. आता बस मोटारींच्याच रांगेत उभी असते आणि पाऊण तासाचा सव्वा तास झाला की मीसुद्धा ऑटोला हात करते. मार्गिका बांधताना मला कुणी विचारलं नाही, तोडतानाही नाही. आणि मीही कधी विचारायला गेले नाही.

निर्णय कुठे होतात ते विचारायला जावं लागतं, हे ह्या शहरात राहून एव्हाना कळायला हवं होतं. 1984 च्या 2-3 डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. वारा आमच्या बाजूला नव्हता, एवढीच आमची पुण्याई. कारखान्याला लागून असलेल्या जेपी नगरातली माणसं झोपेत गेली. राजकुमार केसवानी नावाचा पत्रकार 1982 पासून आपल्या लहानशा साप्ताहिकातून धोक्याची घंटा वाजवत होता. कारखाना वस्तीजवळ ठेवायचा की नाही, त्याची तपासणी कुणी करायची, हे प्रश्न कुठल्याही घरातल्या काटकसरीने सुटणारे नव्हते. ते ज्या टेबलावर सुटायचे, तिथे जेपी नगरातलं कुणी बसलेलं नव्हतं. त्या कारखान्यातला 337 टन विषारी कचरा हलायला जानेवारी 2025 उजाडला. तो पीथमपूरला नेला, तर तिथले लोक रस्त्यावर उतरले. कचरा आपल्या अंगणातून गेला म्हणजे संपला, असं नसतं.

पुन्हा झाडाकडे येते. मिठी सोडून मुंग्या झटकत असताना कॉलेजातल्या एका पोराने सहज विचारलं, "आंटी, आपके आंगन में कितने पेड़ हैं?" मी म्हटलं, "तुळस आहे." तो हसला नाही, ते जास्त लागलं. आमच्या घरामागे जांभूळ होतं. मोटार लावायला जागा हवी म्हणून आम्हीच ते तोडलं आणि अंगणात फरशी घातली. जांभळाचे डाग पडणार नाहीत, ह्याचा मला आनंदही झाला होता. शहरातली झाडं राखण्याचा कायदा राज्यात 2001 पासून आहे. परवानगी वगैरे लागते, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत नगरविकास मंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी बंगल्यांचा प्रस्ताव नामंजूर केल्याचं आणि दुसऱ्या जागा पाहत असल्याचं जाहीर केलं. गल्लीत पेढे वाटले. पेढा खाताना तोच पोरगा म्हणाला, दुसरी जागा म्हणजे दुसरी झाडं नाहीत ना, हे बघायला कोण जाणार? त्यानेच मला सांगितलं, की भोपाळचा शेवटचा मंजूर विकास आराखडा 2005 पर्यंतचा आहे. पुढचा 2031 चा मसुदा 2020 मध्ये आला, 2023 मध्ये सुधारून पुन्हा आला, लोकांकडून हरकती मागवल्या गेल्या, पण अंतिम काही झालं नाही. दोन्ही वेळा मी ह्याच शहरात होते. कापडी पिशवी घेऊन भाजी आणत होते. हरकत म्हणून एक ओळ लिहून दिली नाही.

पिशवी मी सोडलेली नाही. आता तिच्यात एक वही असते. वॉर्डात बैठक आहे म्हटलं की जाते, मागच्या खुर्चीवर बसते, तारीख घालून लिहून घेते. अंगणातल्या चार फरश्या काढून जांभूळ लावलंय. मोटार आता रस्त्यावर उभी असते आणि यजमान रोज कुरकुरतात.

नानांचा कडुनिंब आज उभा आहे. तुमच्या शहराचा आराखडा कोणत्या सालचा आहे आणि हरकतींची मुदत कधी संपते, एवढं एकदा विचारून या. मिठी मारायची वेळ येते ती बहुतेक ती तारीख उलटून गेल्यावर.