वही, काउंटर आणि लायटी

शुक्रवारी रात्री पुण्यात ट्रॅव्हल्समध्ये बसायचं आणि पहाटे डोळे चोळत जालन्यात उतरायचं, हा माझा दर जूनचा नेम. जूनच का? तर नवीन जालन्यात आमचं बियाण्याचं दुकान आहे. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली याच गावात महिको काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाणं म्हटलं की जालना हे मराठवाड्याच्या डोक्यात पक्कं बसलं. त्या मोठ्या झाडाच्या सावलीत आमचं हे रोपटं. मृगाच्या आगेमागे पंधरा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अंबड, बदनापूर, घनसावंगी, भोकरदन.. कुठून कुठून माणसं येतात आणि प्रश्न एकच, "भाऊ, ते वाण आलं का?"

आता मी पडलो इंजिनियर. किती पाकिटं शिल्लक आहेत हे बघायला दर वेळी पोऱ्याला मागे गोडाऊनमध्ये पळवायचं, हे काही मला बघवेना. दोन वर्षांपूर्वी कपाटात धूळ खात पडलेला रास्पबेरी पाय ३ घेऊन आलो (एटीएम कार्डाएवढा बोर्ड, एक जीबी मेमरी), पीएचपीत चार पानं लिहिली आणि राउटरला जोडून दिला. काउंटरवर तीन मोबाइल, गोडाऊनमध्ये एक. वेब सर्व्हर कुठला? कॉलेजपासूनची सवय, अपाची.

शनिवारी सकाळी अकराला पायने मान टाकली. (पायाला मान असते हे त्या दिवशी कळलं.)

कारण साधं होतं. पीएचपी आत बसवून अपाची जुन्या पद्धतीने चालवला की प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस लागते. मोबाइलचा ब्राउझर एकाच सर्व्हरशी पाच-सहा कनेक्शन उघडतो आणि काम झालं तरी थोडा वेळ ती धरून ठेवतो. चार मोबाइल म्हणजे वीस-पंचवीस प्रोसेस, प्रत्येकीच्या पोटात अख्खं पीएचपी. मेमरी संपली, बिचारा मेमरी कार्डावर उलथापालथ करत बसला. अपाचीला नावं ठेवायची नाहीत हं, त्याची नवी पद्धत यापेक्षा खूप शहाणी आहे. पण मला एवढा मोठा संसार नकोच होता.

म्हणून लायटीपीडी. लाडाचं नाव लायटी. यान क्नेश्के या जर्मन माणसाने २००३ साली हा सर्व्हर लिहायला घेतला. त्याआधी १९९९ साली डॅन केगेलने एक प्रश्न मांडला होता, एकाच मशीनवर एका वेळी दहा हजार गिऱ्हाइकं कशी सांभाळायची? लायटी हे त्या प्रश्नाला करून दाखवलेलं उत्तर. यात माणशी प्रोसेस नाही. एकच प्रोसेस सगळ्या कनेक्शनांवर नजर ठेवते. ज्याचं काही आलं त्याचं तेवढं करते, लगेच पुढच्याकडे वळते. कुणासाठी थांबायचं नाही.

हे मी पप्पांना समजावून सांगायला गेलो आणि मध्येच थांबलो. समोर तेच चाललं होतं! पप्पा एकटे गल्ल्यावर. एकाचं बिल लिहिता लिहिता दुसऱ्याला "सुट्टे काढून ठेवा", तिसऱ्याला "पोरगं पिशवी आणतंय, बसा", चौथ्याचा पैसे आल्याचा आवाज ऐकून नुसती मान. दहा माणसं, एक माणूस, आणि कुणालाच वाटत नाही की आपल्याकडे लक्ष नाही.

"लाईट गेली तरी चालतं का तुझं हे लायटी?" एवढंच त्यांनी विचारलं. इन्व्हर्टरवर चालतं म्हटल्यावर विषय संपला.

लायटीची कॉन्फिग फाइल मला फार आवडली. वरती मॉड्यूलची यादी. जे लिहाल ते चढेल, आणि ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने पाळी येईल. बाकी फाइल म्हणजे अटी. पत्ता अमुक असेल तर कंसाच्या आतलं लागू, नाहीतर नाही. पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये बसवलं, फास्टसीजीआयने जोडलं. मेमरी इतकी मोकळी झाली की मला चैनच पडेना, आणखी काय काढता येईल हे शोधत बसलो. भेटींची नोंद ठेवणारं मॉड्यूल? डेबियनमध्ये ते मुळात चालू नसतंच, आपणहून चढवावं लागतं. दर भेटीला मेमरी कार्डावर एक ओळ लिहायची, कार्ड झिजवायचं.. कशाला? राहू दे. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग किडा वळवळला. लायटीत मॅग्नेट नावाचं मॉड्यूल आहे. त्यातून सर्व्हरच्या आत आपली लुआ भाषेतली स्क्रिप्ट चालवता येते. (लुआ ब्राझीलची. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र.) मी ठरवलं, काउंटरच्या मोबाइलला पूर्ण पान दाखवायचं आणि गिऱ्हाइकाला नुसती शिल्लक वाणांची यादी. कोण विचारतंय ते लुआ बघेल. छान चाललं. मग त्याच स्क्रिप्टमध्ये गोडाऊनच्या नोंदींची अख्खी फाइल वाचून बेरीज करायचं कामही कोंबलं. झालं, सगळे मोबाइल एकदम गप्प.

लायटीच्या माहितीपानावर याबद्दल स्पष्ट ताकीद दिलेली आहे. ही स्क्रिप्ट सर्व्हरच्या गाभ्यात चालते, ती रेंगाळली तर प्रत्येक कनेक्शन अडकतं. मी ती वाचली होती. वाचणं वेगळं आणि शनिवारी सकाळी वीस माणसं समोर असताना कळणं वेगळं.

पप्पांकडे यावरही तोडगा होताच. कुणी जवळ येऊन हळूच म्हणालं, "भाऊ, जरा बोलायचं होतं", की पप्पा गल्ल्यावर ते बोलणं सुरूच करत नाहीत. "आत बसा, चहा घ्या, आलोच." आतल्या खोलीत काका असतात, लांबलचक बोलणी तिकडे. गल्ला वाहता राहतो. मीही बेरजेचं काम लुआमधून काढून पीएचपीकडे, म्हणजे आतल्या खोलीत पाठवलं. लुआने फक्त दारात उभं राहून कुणाला कुठे पाठवायचं तेवढं बघायचं. सर्व्हरला मॉड्यूल जोडताना मी आजही हाच प्रश्न विचारतो, हे गल्ल्यावरचं काम आहे की आतल्या खोलीतलं?

इथपर्यंत सगळी गंमत. आता खरं सांगायचं ते.

गेल्या जूनमधला शनिवार. एक कॉलेजचा पोरगा वडिलांबरोबर आला होता. भिंतीवर मी क्यूआर कोड चिकटवलाय, तो स्कॅन केला की शिल्लक वाणांची यादी उघडते. शेजारी वायफायचा पासवर्डही चिकटवलाय, कारण दुकानात रेंज येत नाही आणि लोकांना फोनवरून पैसे द्यायचे असतात. थोड्या वेळाने तो माझ्याजवळ आला आणि मोबाइल पुढे करून हळू आवाजात म्हणाला, "दादा, हे सगळ्यांनाच दिसतं का?"

स्क्रीनवर त्याच्या गावाची उधारीची यादी होती. नाव, रक्कम, किती दिवस झाले. मधेच कुठेतरी त्याच्या वडिलांचं नाव.

त्याने काही हॅकिंग-बिकिंग केलं नव्हतं. पत्त्याचा शेवटचा तुकडा खोडून बघितला, कुणीही सहज करतं तसं. चूक शंभर टक्के माझी. पप्पांना रोज संध्याकाळी गाववार उधारी छापून लागते. स्क्रिप्ट त्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकायची. काकांना त्या मोबाइलवर उघडता याव्यात म्हणून मी फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवायची सोय चालू केली होती. लायटीत ती मुळात बंद असते. ज्यांनी सर्व्हर लिहिला त्यांनी दार लावून दिलं होतं, मी ते उघडलं. आणि ती ओळ कंसाच्या आत, एका फोल्डरपुरती न लिहिता सगळ्यांच्या वर लिहिली. म्हणजे घरातलं प्रत्येक दार उघडं. नुसती कंसात लिहून तरी काय होणार होतं म्हणा? उधारीचं फोल्डर तिथे असायलाच नको होतं.

मी पहिल्यांदा पायची वायर उपटली. मग पप्पांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पोराला आणि त्याच्या वडिलांना आत घेऊन गेले. काय बोलले माहीत नाही. दहा मिनिटांनी तिघंही बाहेर आले, त्या काकांनी नेहमीसारखी पाकिटं घेतली आणि माझ्याकडे न बघता गेले.

रात्री शटर ओढल्यावर पप्पांनी एकच प्रश्न विचारला. "अजून कोणी कोणी बघितलं, ते कळतं का यात?"

कळतं ना. कुठल्याही वेब सर्व्हरमध्ये कळतं. त्यासाठी भेटींची नोंद चालू असावी लागते. आणि मी ती हलकं ठेवायच्या नादात.. तुम्हाला आठवलं असेलच.

"नाही कळत," मी म्हणालो.

पप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी लाल वही उघडून समोर ठेवली. म्हणाले, "तीस वर्षं झाली. गिऱ्हाईक याच्यावर वाकलं की मी वही मिटतो. तू बघितलंस का कधी?" नव्हतं बघितलं. माल विकण्याचा सगळा हिशेब मी त्यांच्याकडून उचलला होता, हात तेवढा बघायचा राहिला होता. उधारी असणं ही काही लाज नव्हे, पेरणीच्या दिवसांत ती कुणाची नसते? पण ती दोघांतली गोष्ट. गावात ती चर्चेला आली की माणूस दुकान बदलतो, आणि कधीकधी त्याहून वाईट होतं. मराठवाड्यात हे कुणाला वेगळं सांगायला नको. देशाचा वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली आला. आमच्या गल्ल्यावर तो तीस वर्षांपासून लागू होता, मीच मोडला.

रविवारी सकाळी पाच वाजता बसलो. यादी दाखवायची ओळ काढून टाकली. उधारीचं फोल्डर सर्व्हरच्या हद्दीतूनच बाहेर काढलं. काकांसाठी पासवर्ड, तोही एन्क्रिप्टेड कनेक्शनवर. राउटरवर गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं केलं. आता त्यांना शिल्लक यादी दिसते आणि पैसे देता येतात, बस. आणि शेवटी ते नोंदीचं मॉड्यूल चढवलं. कार्ड झिजू नये म्हणून नोंदी एका पेनड्राइव्हवर. झिजला तर दुसरा आणू.

सर्व्हर पूर्वीपेक्षा किंचित जड झालाय. हलकं म्हणजे कमीत कमी सामान, असं मला वाटायचं. आता वाटतं, काय काय मागे ठेवलं आणि त्यावाचून कधी अडेल, हे ज्याला पाठ आहे त्याचंच सामान हलकं.

त्या काकांकडे मी पुढच्या वेळी स्वतः गेलो, माफी मागितली. "असू दे बाळा, मशीनच ते," म्हणाले. मशीनची चूक नव्हती हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते कितपत पटलं कुणास ठाऊक.

असो. यंदाच्या हंगामाआधी एक काम बाकी आहे. पप्पा म्हणालेत, नोंदींची ती यादी रोज रात्री शटर ओढताना त्यांना वाचून दाखवायची. वहीसोबत.