मेलेला उंदीर आणि धडधाकट उंदीर

किल्लारी आमच्या औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन आटोपून गाव नुकतंच झोपलेलं असताना, दगडमातीची माळवदं माणसांच्या अंगावर कोसळली. त्या भूकंपावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. वर्षभराच्या आत शेजारच्या बीड जिल्ह्यात जे घडलं, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातल्या मामला गावी घराघरांत उंदीर मरून पडू लागले. मग पिसवांनी लोकांना हैराण केलं. महिना संपता संपता माणसांना ताप चढू लागला, जांघेत आणि काखेत गाठी येऊ लागल्या. गाठीचा प्लेग! १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग उठला, लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागले आणि काही देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबवली. अखेरीस देशभरात ८७६ रुग्ण प्लेगचे धरले गेले, ५४ दगावले.

भूकंपाचा याच्याशी काय संबंध? धक्क्यांच्या धास्तीने लोक घराबाहेर राहिले, धान्य मात्र घरातच राहिलं; उंदरांना निवांत जागा आणि आयतं खाणं मिळालं, अशी मांडणी काही अभ्यासकांनी केली. मला ती पटते. प्लेगचा जंतू रानातल्या उंदरांत वर्षानुवर्षं गुपचूप टिकून असतो, कारण त्यातले बरेच उंदीर त्याला पचवतात. गावातल्या उंदराला तो पचत नाही. रानातला आणि घरातला उंदीर एकमेकांच्या बिळात शिरले, पिसवांची देवघेव झाली, की घरातले उंदीर पटापट मरतात. थंड पडलेल्या उंदरावर पिसू थांबत नाही; ती दुसरं ऊबदार अंग शोधते, आणि उंदीर उरले नाहीत की ते अंग आपलं असतं.

म्हणूनच प्लेगच्या गावात सरसकट उंदीर मारत सुटणं घातक. आधी बिळांत आणि घरांत कीटकनाशक भुकटी टाकून पिसवा मारायच्या, उंदरांचं नंतर पाहायचं. उंदीर-पिसवांची पाहणी करणाऱ्या आम्हा लोकांचं कामही पिसवांपासून सुरू होतं. संध्याकाळी भजं नाहीतर तेल लावलेला भाकरीचा तुकडा अडकवून पिंजरे लावायचे. सकाळी उंदरासकट पिंजरा पांढऱ्या कापडी पिशवीत घालायचा, औषधाने उंदीर आणि पिसवा दोन्ही बेशुद्ध करायच्या. मग पांढऱ्या ट्रेवर धरून उंदराचे केस फणीने उलटे विंचरायचे. बारीक तपकिरी ठिपके खाली पडतात, ते मोजायचे. उंदरावरच्या खास पिसवेची सरासरी दर उंदरामागे एकाच्या वर गेली, की धोक्याची घंटा.

पिसू प्लेग पोहोचवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. आपल्याकडची जुनी माणसं तर उंदीर पडला की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायची. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, क्रम ठाऊक होता. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ मध्ये माकडताप आला. या आजारातही जंगलात मरून पडलेली माकडं हीच पहिली वर्दी असते. तिथे वाहक गोचीड.

पण सगळे आजार अशी वर्दी देत नाहीत, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. लेप्टोस्पायरोसिसचा उंदीर धडधाकट असतो. जंतू त्याच्या मूत्रपिंडात राहतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने त्याची किंमत मोजली. हंटा विषाणूचंही तसंच. कोरियन युद्धात तीन हजारांवर सैनिकांना ताप, रक्तस्राव आणि मूत्रपिंड निकामी होणं असा आजार झाला. त्याचा विषाणू शेतातल्या उंदरात सापडायला १९७६ साल उजाडलं. हो-वांग ली यांनी तो शोधला. त्याच कुळातला एक विषाणू आपल्याकडे वेल्लोरजवळ १९६४ मध्येच एका चिचुंद्रीत मिळाला होता, पण त्याचं कूळ पुढे कित्येक वर्षांनी कळलं. उंदरांची लघवी-लेंड्या वाळून धूळ होते आणि ती श्वासातून आत जाते, हा हंटाचा मुख्य मार्ग.

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे सोयाबीनच्या राशी चालू असतात. बनिमीवरची, म्हणजे गंजीवरची, ताडपत्री उचलली की खालून उंदरांची पिल्लं निघतात, मळणीयंत्राची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते. राशीवर राबणाऱ्या एखाद्या बाईला चार दिवसांनी ताप आला तर दवाखान्यात डेंग्यू, मलेरिया, टायफॉईड तपासतात. ते बरोबरच आहे. पण ‘बाई, काय काम करत होतात?’ हा प्रश्न क्वचित विचारला जातो. त्याचं उत्तर फार मोलाचं असतं. प्लेग, लेप्टो आणि उंदरांवरच्या चिगरकिड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस, या तिन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेत दिलं तर लागू पडतं. उशीर झाला तर मूत्रपिंडं जातात, माणूस जातो.

तेव्हा वाचकहो, विष न घालता चार-सहा उंदीर मेलेले दिसले तर त्यांना उघड्या हाताने उचलू नका. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवा. कोठी झाडण्याआधी पाणी शिंपडा, नाकाला रुमाल बांधा. आणि तापात डॉक्टरांकडे गेलात, तर त्यांनी विचारलं नाही तरी आठ-पंधरा दिवसांत कुठे, कशात काम केलंत ते आपणहून सांगा.