‘लाइकली’ म्हणजे किती?

नेरुळ, नवी मुंबई

चि. मनूस,

घरच्या ग्रुपवर तू हवामान खात्याचं पत्रक टाकलंस आणि खाली लिहिलंस, ‘तीन दिवस नुसतं लाइकली लाइकली, आणि आजीच्या गॅलरीत कपडे खडखडीत वाळतायत.’ सगळे हसले, मीही हसलो. पण अमेरिकेत एडिसनला बसून तू जो अर्थ लावतेस, त्या अर्थाने हवामान खात्याच्या कुलाब्याच्या कार्यालयात तो शब्द लिहिलेलाच नसतो. फोनवर सांगायला गेलं की तुझी मीटिंग निघते, म्हणून पत्रच लिहितो.

तुमच्या अमेरिकेच्या हवामान सेवेत ‘लाइकली’ म्हणजे ६० ते ७० टक्के. त्याखाली ३० ते ५० टक्क्यांना नुसता ‘चान्स’, २० टक्क्यांना ‘स्लाइट चान्स’. भारतीय हवामान विभागाचा तक्ता निराळा. २५ टक्क्यांच्या आत ‘अनलाइकली’, २५ ते ५० ‘लाइकली’, ५० ते ७५ ‘व्हेरी लाइकली’ आणि ७५ च्या वर ‘मोस्ट लाइकली’. म्हणजे आमच्याकडचा ‘लाइकली’ पाऊस दहापैकी सहा वेळा आला नाही, तरी अंदाज चुकला असं होत नाही. हवामानबदलावर जगभरचे शास्त्रज्ञ मिळून जे अहवाल काढतात, त्या आयपीसीसीच्या अहवालांत हाच शब्द वापरायला निदान ६६ टक्के लागतात. एकच माल, तीन पेठांत तीन भाव.

या गोंधळाची जुनी गोष्ट तुमच्याच देशातली आहे. १९५१ साली सीआयएच्या अहवालात लिहिलं गेलं की युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. शर्मन केंट नावाचे इतिहासाचे प्राध्यापक तेव्हा तिथे काम करत होते. त्यांच्या मनात होतं ६५ टक्के. पुढे त्यांनी अहवाल लिहिणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, तर उत्तरं आली २० पासून ८० टक्क्यांपर्यंत. सगळ्यांनी एकाच वाक्याखाली मान डोलावली होती! १९६४ साली केंट यांनी लेख लिहून सुचवलं की अशा प्रत्येक शब्दाला आकडा बांधून द्या. हवामानवाल्यांचे तक्ते त्याच जातीचे.

आता तुझा दुसरा प्रश्न. शाळेत शिकवलेले ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ या पत्रकांत का दिसत नाहीत? माझ्या मते कारण व्याकरणात आहे. ‘मे’ला पायऱ्या नाहीत. ‘माइट’ त्याहून थोडं कमी असं मास्तर सांगत, पण बोलणारे लोक दोन्ही सर्रास एकाच मापाने वापरतात, आणि ‘व्हेरी मे’ म्हणायची तर सोयच नाही. ‘विल’ म्हटलं की माघार घ्यायला जागा उरत नाही. ‘लाइकली’ मात्र विशेषणासारखं चालतं, त्याच्यापुढे ‘व्हेरी’ लावा, ‘मोस्ट’ लावा, लगेच चढण तयार. म्हणून सहायक क्रियापदं बाजूला पडली आणि हा एक शब्द कामाला जुंपला गेला.

आणि आमची मराठी वर्तमानपत्रं काय करतात? ही सगळी चढण सपाट करतात. ‘लाइकली’ असो, ‘व्हेरी लाइकली’ असो की ‘मोस्ट लाइकली’, छापून येतं एकच: ‘पावसाची शक्यता’. हा निव्वळ आळस. ‘थोडी शक्यता’, ‘दाट शक्यता’, ‘बहुधा’, ‘जवळजवळ नक्की’ हे शब्द भाजीबाजारात रोज बोलले जातात, ते बातमीत आले तर काय बिघडेल?

टक्क्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे पत्रकातलं ‘तुरळक ठिकाणी’. त्याचाही आकडा ठरलेला आहे: त्या भागातल्या पाव केंद्रांपर्यंत, त्याहून जास्त नाही. आजीची गॅलरी उरलेल्या पाऊण भागात असू शकते. २६ जुलै २००५ आठव. तू लहान होतीस, पण घरात ऐकलं असशील. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३.

नवी मुंबईत याला आणखी एक फाटा आहे. इशारे जिल्हावार निघतात आणि आपलं शहर दोन जिल्ह्यांत आहे. वाशी, नेरुळ, बेलापूर ठाण्यात. खारघर, कामोठे, कळंबोली रायगडात. बेलापूरचं पुढचंच स्टेशन खारघर, तरी एकाला ऑरेंज आणि दुसऱ्याला रेड अलर्ट असू शकतो. रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली तर खारघरची शाळा बंद आणि बेलापूरची चालू, असंही घडू शकतं. ढगाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, हे हवामान खात्यालाही ठाऊक आहे, पण हुकूम काढायला हद्द लागते.

रंगांचं म्हणशील तर त्यांत नुसती शक्यता नसते, पाऊस आलाच तर होणारं नुकसानही धरलेलं असतं. इथे ते समजायला सोपं आहे. शहराचा सखल भाग भरतीच्या पातळीखाली, म्हणून सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव बांधले. भरतीला दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. तोच मुसळधार पाऊस ओहोटीला आला तर निभावतो, मोठ्या भरतीत आला तर रस्त्यावर येतो. त्यामुळे टक्के कमी असले तरी काळजी जास्त, असं होतं.

कमी शक्यतेवरून आठवलं, इर्शाळवाडी लक्षात आहे ना? मोरबे धरणाच्या जवळची. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ती वाडी नव्हती. यादीत नसणं म्हणजे शक्यता नसणं नव्हे. तेव्हापासून मला ‘अनलाइकली’ शब्दाचीही थोडी भीतीच वाटते.

तेव्हा पत्रक वाचताना ‘लाइकली’च्या आधी काय लिहिलंय ते बघ, मग जिल्हा, मग भरतीची वेळ. आणि आजी खारघरला राहते, म्हणून तिला फोन करण्याआधी ठाण्याचा नाही, रायगडचा रंग बघत जा. रेड असेल तर थट्टा नको. तिला सांग, बाजारात जाऊ नकोस. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

तुझा,
मामा